'ते' कोण?

मराठी आणि उर्दूत कानाला सारखे वाटणारे, पण अर्थाने दुरावलेले पुष्कळ शब्द आहेत. 'गरज' हा त्यांपैकी एक. मराठीत गरज म्हणजे जिच्यावाचून अडते ती गोष्ट. उर्दूत 'ग़रज़' म्हणजे हेतू, मतलब, स्वार्थ. 'ख़ुदग़रज़' हा शब्द त्यातूनच तयार झाला. मूळ शब्द अरबी. पण दोन भाषांत तो दोन वेगळ्या घरी नांदला. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि मराठीत लिहितो. त्यामुळे या दोन अर्थांमधून आमची रोजच ये-जा असते. ही ये-जा करताना वाटते की, आजच्या बाजाराचे बरेचसे मर्म या एका शब्दात आहे. विकणाऱ्याची 'ग़रज़' घेणाऱ्याला स्वतःची 'गरज' वाटू लागली की बाजाराचे काम झाले.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. जी गरज मुळात आपली नाही, पण आपल्याला आपलीच वाटते, तिच्यामागे धावणारा माणूस स्वतंत्र म्हणायचा काय? नसेल तर दोष कोणाचा? धावायला लावणाऱ्याचा, की धावणाऱ्याचा? आणि धावायला लावणारे 'ते' कोण, हे ओळखायचे कसे?

हा प्रश्न एका अमेरिकन चित्रपटाने फार रोखठोकपणे विचारला आहे. जॉन कार्पेंटर या दिग्दर्शकाचा 'दे लिव्ह' हा चित्रपट नोव्हेंबर १९८८ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. खर्च बेताचा. नायकाच्या भूमिकेत रॉडी पायपर हा व्यावसायिक कुस्तीपटू. वरवर पाहता परग्रहवासीयांची हाणामारी, पण आत जळजळीत उपहास. रे नेल्सन यांच्या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लघुकथेवर तो बेतलेला आहे. त्या कथेकडे आपण शेवटी वळू.

चित्रपटाचा नायक हा कामाच्या शोधात लॉस एंजेलिसला आलेला एक मजूर. पाठीवर पिशवी, हातात हत्यारांची पेटी. संपूर्ण चित्रपटात त्याला कोणी नावाने हाक मारत नाही. श्रेयनामावलीत त्याचे नाव 'नादा' असे येते. स्पॅनिश भाषेत नादा म्हणजे 'काहीच नाही'. बांधकामावर त्याची फ्रँक या कृष्णवर्णीय मजुराशी ओळख होते. फ्रँकची बायकामुले दूर डेट्रॉइटला आहेत. पोलादाचे कारखाने बंद पडल्यामुळे तो पोटासाठी इकडे आला आहे. तो नादाला एका झोपडवस्तीत घेऊन जातो. वस्तीचे नाव जस्टिसव्हिल, म्हणजे न्यायाचे गाव. एका रात्री पोलीस येतात आणि ते न्यायाचे गाव बुलडोझरखाली जमीनदोस्त होते.

वस्तीसमोरच्या चर्चमध्ये काही माणसे गुपचूप काळे चष्मे तयार करीत असतात. त्यांच्यावरही धाड पडते, पण चष्म्यांचा एक खोका नादाच्या हाती लागतो. त्यातला एक चष्मा डोळ्यांवर चढवून तो रस्त्यावर येतो आणि जगाचे सारे रंग नाहीसे होतात. सारे काळे-पांढरे. संगणकाच्या जाहिरातफलकावर एकच शब्द दिसतो, 'आज्ञा पाळा'. समुद्रकिनाऱ्यावरच्या सहलीची मोहक जाहिरात म्हणते, 'लग्न करा आणि प्रजा वाढवा'. मासिकांच्या पानापानांवर 'खरेदी करा', 'झोपून राहा', 'स्वतंत्र विचार नको'. डॉलरच्या नोटेवर, 'हाच तुमचा देव'. आणि गर्दीतल्या काही चेहऱ्यांवर मांस नाही, कवट्यांसारखी भेसूर तोंडे आहेत. ते परग्रहवासी. बँकेत, दूरचित्रवाणीवर, पोलिसांत, राजकारणाच्या व्यासपीठावर तेच आहेत. एका दूरचित्रवाणी केंद्रावरच्या अँटेनामधून सतत लहरी सोडल्या जातात आणि त्यामुळे माणसांना ना आज्ञा दिसतात, ना आज्ञा देणारे.

चित्रपटातले हे परके राज्य करायला आलेले नाहीत, धंदा करायला आलेले आहेत. बंडखोरांच्या बैठकीत त्यांचे वर्णन येते ते मुक्त व्यापारवाले म्हणून. त्यांच्या लेखी पृथ्वी हा एक विकसनशील ग्रह आहे, त्यांचे 'तिसरे जग' आहे. अमेरिकन प्रेक्षकाला हा धक्का असेल. जे आपण दुसऱ्यांशी करीत आलो, तेच कोणी आपल्याशी करीत आहे! पण ज्यांना आधीपासूनच तिसऱ्या जगात बसवलेले आहे, त्या आपल्यासारख्या प्रेक्षकांना हे वाक्य ऐकताना परग्रहाची कल्पनाही करावी लागत नाही.

तो काळ रोनाल्ड रेगन यांच्या अध्यक्षपदाचा होता (१९८१ ते १९८९). १९८१ साली संपावर गेलेल्या ११ हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना त्यांच्या सरकारने कामावरून काढून टाकले. अतिश्रीमंतांच्या उत्पन्नावरील कराचा सर्वोच्च दर ७० टक्के होता, तो १९८६ च्या कायद्याने २८ टक्क्यांपर्यंत खाली आणला गेला. एकीकडे कारखाने बंद पडत होते, दुसरीकडे शेअर बाजारातल्या तरुण श्रीमंतांची चैन हीच प्रगती मानली जात होती. दूरचित्रवाणीवर जे दाखवतात ते सारे आपल्याला काहीतरी विकण्यासाठीच असते, या उद्वेगातून कार्पेंटर यांना हा विषय सुचला. म्हणून त्यांचा राग आकाशातल्या कोणा राक्षसावर नाही. तो त्या काळच्या हिशेबाच्या वहीवर आहे.

आता 'छुप्या आज्ञे'विषयी थोडे. अमेरिकेत ही भीती जुनीच होती. १९५७ साली जेम्स व्हिकरी नावाच्या बाजार-संशोधकाने दावा केला की, त्याने न्यू जर्सीतील एका चित्रपटगृहात डोळ्यांना जाणवणारही नाही इतक्या वेगाने 'पॉपकॉर्न खा', 'कोका-कोला प्या' असे संदेश पडद्यावर टाकले आणि विक्री वाढली. देशभर खळबळ उडाली. त्याच वर्षी व्हान्स पॅकार्ड यांचे जाहिरातीच्या मानसशास्त्रावरील 'द हिडन परस्युएडर्स' हे पुस्तक गाजले. पुढे १९६२ मध्ये व्हिकरीने स्वतःच मान्य केले की, त्या दाव्यात अर्थ नव्हता, धंदा वाढवण्यासाठी केलेली ती क्लृप्ती होती.

म्हणजे छुपी आज्ञा खोटी निघाली. पण म्हणून माणूस मोकळा झाला काय? उलट, त्यातून निघणारे सत्य अधिक कडू आहे. आज्ञा लपवण्याची गरजच नव्हती. जाहिरात भर चौकात उभी असते, आपले नावगाव सांगते, पैसे मोजून लावलेली आहे हेही सांगते, आणि तरीही आपण तिचे ऐकतो. आज तर अँटेनाही लागत नाही. खिशातला मोबाइल आपण काय पाहिले, कुठे थांबलो, काय चाळले याची नोंद ठेवतो आणि त्याप्रमाणे पुढची वस्तू समोर आणतो. यातले काही गुपित नाही, आपणच 'मान्य आहे' वर बोट ठेवलेले असते. बुटाच्या किमतीवरून मित्राची किंमत ठरवणारे विद्यार्थी आम्ही वर्गात पाहतो. त्यांच्या डोक्यात कोणी लहरी सोडलेल्या नाहीत. ते घरातल्या थोरांचे पाहून शिकले आहेत. लग्नात किती ताटे वाढली आणि किती गाड्या आल्या, याच्या चर्चा त्यांनी ऐकल्या आहेत. हप्त्यावर आणलेल्या वस्तूचा मान आणि रोखीने जगणाऱ्याची कीव त्यांनी पाहिली आहे.

चित्रपटातला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग म्हणजे नादा आणि फ्रँक यांची मारामारी. नादा फ्रँकला म्हणतो, चष्मा घाल. फ्रँक म्हणतो, नाही. एवढ्यावरून दोघे जिवलग पाच मिनिटांहून अधिक काळ एका गल्लीत एकमेकांना तुडवत राहतात. प्रेक्षक आधी हसतो, मग कंटाळतो, मग अस्वस्थ होतो. एवढे काय आहे चष्मा घालण्यात? पण फ्रँकच्या बाजूने विचार करून पाहावा. त्याला बायकामुलांना पैसे पाठवायचे आहेत. पाहिले की जबाबदारी आली. उद्या कामावर जाऊन मुकादमासमोर निमूटपणे मान खाली घालता येणार नाही. शिवाय चष्मा फार वेळ घातला की डोकेही दुखते, हे दिग्दर्शकाने आवर्जून दाखवले आहे. स्लाव्हॉय झिझेक या तत्त्वचिंतकाने २०१२ च्या आपल्या माहितीपटात या प्रसंगाची चर्चा केली आहे. आपण समजतो की विचारसरणी हा दृष्टी बिघडवणारा चष्मा आहे आणि तो काढला की खरे दिसेल. येथे उलटे आहे. उघड्या डोळ्यांना खोटे दिसते आणि खरे पाहण्यासाठी कष्टाने चष्मा घालावा लागतो. मुक्ती सुखाची नसते, ती आधी दुखते, असा त्यांचा आशय आहे.

येथपर्यंत आम्हांला मान्य आहे. पण दुसऱ्याला बळजबरीने दृष्टी देता येते काय? बी.एड.ला शिकवले जाते, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. म्हणजे विद्यार्थ्याला जे दिसते तिथून सुरुवात करावी आणि जे दिसत नाही तिथपर्यंत त्याला त्याच्या पायांनी चालवत न्यावे. मानगूट धरून दाखवलेले सत्य हीदेखील एक आज्ञाच असते. आधीच्या फलकावर 'खरेदी करा' होते, आता 'जागे व्हा' आहे. आज्ञा पाळण्याची सवय मात्र तीच राहिली. फ्रँकला सत्य दिसते हे खरे. तरी जो मार खाऊन जागा झाला, तो उद्या दुसऱ्याला मारूनच जागे करू पाहील.

चित्रपटाचा याहून अवघड भाग पुढे आहे. चष्मा लागल्याबरोबर नादा काय करतो? हाती बंदूक येते, तो एका बँकेत शिरतो आणि ज्यांची तोंडे कवटीची दिसतात त्यांना टिपू लागतो. पडद्यावर हा शौर्याचा क्षण आहे, टाळ्या पडतात. पण क्षणभर चष्म्याविना तेच दृश्य पाहावे. एक माणूस बँकेत येतो, चेहरे निवडतो आणि गोळ्या घालतो. त्याची खात्री आहे की हे आपल्यासारखे दिसतात, पण आपल्यातले नाहीत. जगात आजवर जेवढ्या कत्तली झाल्या, त्यांतल्या बहुतेक मारेकऱ्यांना हीच खात्री होती. प्रत्येकाच्या डोळ्यांवर कोणी ना कोणी दिलेला चष्मा होता.

ही आमची केवळ शंका नाही, त्याचा पुरावा या चित्रपटाच्या वाट्यालाच आला. अमेरिकेतील वंशद्वेष्ट्यांनी या कथेचा असा अर्थ लावायला सुरुवात केली की, कवटीच्या तोंडाचे परके म्हणजे ज्यू. जानेवारी २०१७ मध्ये कार्पेंटर यांना जाहीरपणे सांगावे लागले की, आपला चित्रपट पैशामागे धावणारे नवश्रीमंत आणि बेलगाम भांडवलशाही यांच्याविषयी आहे, ज्यूंच्या जगावरील कथित नियंत्रणाशी त्याचा काहीही संबंध नाही. तो आरोप बदनामी आहे, खोटा आहे. ही बदनामीही जुनीच. १९०३ साली रशियात ज्यूंच्या तथाकथित गुप्त कटाचा एक दस्तऐवज छापला गेला, 'प्रोटोकॉल्स' या नावाने तो कुप्रसिद्ध आहे. तो दुसऱ्याच एका पुस्तकातून उचलून रचलेला बनाव असल्याचे १९२१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ने उघड केले. तरीही नाझींनी त्याचा प्रचारासाठी वापर केला. खोटे उघडकीस आल्याने मरत नाही, कारण ते मानणाऱ्यांची त्यात काही ग़रज़ अडकलेली असते.

आपल्यासारखे दिसणारे, पण आतून शत्रू असणारे 'ते' ही प्रतिमा आम्हां मुसलमानांना परकी नाही. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये करोना पसरवणारे म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले गेले, त्यांत भाजीविक्रेतेही होते. दिल्लीतील तबलिगी मेळाव्याला आलेल्या 29 परदेशी नागरिकांवर महाराष्ट्रात गुन्हे दाखल झाले. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा बनवल्याचे निरीक्षण नोंदवले. निकाल आला तोवर ज्यांनी चष्मा घातला होता, त्यांनी तो डोळ्यांवर पक्का करून घेतला होता.

पण हे लिहून थांबलो तर आमचे लिहिणे अर्धे राहील. आमच्या समाजातही हा चष्मा मिळतो आणि खपतो. शाळा का चालत नाही, मुलगी दहावीनंतर का थांबली, वाचनालयाला कुलूप का, या प्रत्येक प्रश्नावर 'साज़िश' हे एकच उत्तर देणारे लोक आमच्यात आहेत. त्यांच्या बोलण्यात यहुदी येतात, अमेरिका येते, फक्त आपल्या मोहल्ल्याचा हिशेब येत नाही. अन्याय नाही असे आम्ही म्हणत नाही. अन्याय आहे, आणि तो नावानिशी, कागदानिशी दाखवता येतो. साज़िश मात्र दाखवता येत नाही, ती फक्त मानता येते. ज्या बनावाने ज्यूंना भट्टीपर्यंत नेले, तोच बनाव ज्यांच्यावर आज संशय घेतला जातो त्यांनी पुढे पाठवावा, यासारखे दुर्दैव नाही.

मग फरक कसा करायचा? कारण जगात खरोखरीच काही लोकांच्या हाती सत्ता आणि पैसा एकवटलेला असतो आणि तो लपवलाही जातो. त्याकडे बोट दाखवणे म्हणजे द्वेष नव्हे. त्याचे उत्तर या चित्रपटातच दडलेले आहे, असे आम्हांला वाटते, कदाचित दिग्दर्शकाच्याही नकळत. नादाचा घात कोण करते? हॉली, दूरचित्रवाणी केंद्रात काम करणारी स्त्री. नादाचा तिच्यावर विश्वास बसतो. चष्म्यातूनही ती माणूसच दिसते, कारण ती माणूसच आहे. वस्तीत त्याच्याबरोबर राहणारा एक भणंग शेवटी उंची सूट घालून परक्यांच्या मेजवानीत भेटतो. तोही माणूसच. त्याचे म्हणणे सरळ आहे. रोज सगळेच विकले जातात, मग जिंकणाऱ्यांच्या बाजूला का नसावे? म्हणजे ऐन मोक्याच्या वेळी चष्मा निरुपयोगी ठरला. चेहरा पाहून कळले नाही. कृती पाहूनच कळले.

आमच्या मते कसोटी हीच. जो चष्मा तुम्हांला चेहरा, नाव, पेहराव, जन्म दाखवून 'ते' ओळखायला सांगतो, तो चष्मा नव्हे, ती डोळ्यांवरची पट्टी आहे. जो चष्मा विचारतो की, या व्यवहारात फायदा कोणाला, किंमत कोण मोजतो, निर्णय कोणी घेतला आणि तो बदलता येतो काय, तो खरा. पहिल्या चष्म्यातून पाहणारा स्वतः कधीच दृश्यात नसतो. दुसऱ्यातून पाहिले तर कधी कधी आपला स्वतःचा हातही दिसतो. स्वस्त कपडा घेताना तो कोणी, किती मजुरीवर शिवला असेल, हे न विचारणारा हात.

आणि बाजार किती चतुर! शेपर्ड फेअरी या अमेरिकन कलावंताने याच चित्रपटातून 'ओबे', म्हणजे 'आज्ञा पाळा', हा शब्द उचलला आणि भिंतीभिंतींवर चिकटवला. लोकांनी थांबून विचार करावा, हा त्याचा हेतू. २००१ पासून त्याच नावाने कपड्यांची कंपनी सुरू झाली. आज 'आज्ञा पाळा' असे छापलेला शर्ट लोक पैसे देऊन विकत घेतात. उपहास आज वस्तू होऊन दुकानात टांगलेला आहे.

म्हणून केवळ कळणे पुरेसे नाही. आता नेल्सन यांची ती मूळ कथा. तिचे नाव 'एट ओ'क्लॉक इन द मॉर्निंग', सकाळचे आठ. तिच्यात चष्मा नाही. संमोहनाच्या प्रयोगातून एक माणूस जरा जास्तच जागा होतो आणि त्याला परके दिसू लागतात. त्याला फोनवरून आज्ञा मिळते की, उद्या सकाळी आठ वाजता तुझे हृदय बंद पडेल. तो लढतो, इतरांना जागे करतो. पण सकाळी बरोबर आठ वाजता त्याचे हृदय बंद पडते. त्याला सारे माहीत होते, तरीही एकदा आत रुजलेली आज्ञा आपले काम करून गेली. चित्रपटापेक्षा ही कथा आम्हांला अधिक खरी वाटते. जाहिरात खोटी आहे हे ठाऊक असूनही हात पुढे जातो. अफवा खोटी आहे हे ठाऊक असूनही शेजाऱ्याकडे पाहताना नजर क्षणभर बदलते. आज्ञा डोक्यात नसते, ती सवयीत असते, आणि सवय एका साक्षात्काराने जात नाही.

आणखी एक शब्द आहे, 'गफलत'. मराठीत गफलत म्हणजे चूक, घोटाळा. एकदा झाली, दुरुस्त केली, संपली. उर्दूत 'ग़फ़लत' म्हणजे बेसावधपणा, जागेपणीची झोप. ती दुरुस्त होत नाही, तिच्यातून पुन्हा पुन्हा उठावे लागते. आम्हांला वाटते, उपभोगाच्या आणि द्वेषाच्या बाबतीत मराठीने उर्दूचा अर्थ घ्यावा आणि उर्दूने मराठीचा निर्धार, म्हणजे झाले ते निस्तरण्याचा.

चित्रपटाच्या शेवटी नादा अँटेना उडवतो आणि मारला जातो. लहरी थांबतात. घराघरांत, हॉटेलांत, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर लोकांना एकाएकी शेजारी बसलेल्यांची खरी तोंडे दिसतात. तिथेच चित्रपट संपतो. दुसऱ्या दिवशी सकाळी काय झाले, हे तो सांगत नाही. दुकाने उघडली असतील. कोणी कोणाला परका समजून मारले असेल. कोणी नोटेकडे पाहून, तरीही ती खिशात घातली असेल. आणि कोणी कदाचित शेजाऱ्याचे दार ठोठावून विचारले असेल, तुम्हांला काय दिसले? आम्हांला त्या शेवटच्या माणसाविषयी आस्था आहे. कारण एकट्याच्या चष्म्यातून फक्त शत्रू दिसतो. आपल्याला दिसले ते दुसऱ्याला विचारून पडताळण्याची तयारी असेल, तरच खरे दिसण्याची थोडी शक्यता असते.